काचेच्या पोटातली रेघ

पुण्याच्या पेशवे दप्तरातले मोडी कागद रुमालांत बांधलेले असतात. १८१८ मध्ये पेशवाई बुडाली, दप्तर इंग्रजांच्या ताब्यात गेले आणि पुढे शंभरएक वर्षे अभ्यासकांना त्याची दारे बहुतांशी बंदच राहिली. १९३० ते १९३४ या काळात गो. स. सरदेसाईंनी त्यातले निवडक कागद ४५ खंडांत प्रसिद्ध केले. मधल्या काळात या कागदांची दर पाच वर्षांनी कुणी नवी नक्कल करून ठेवली नव्हती, त्यांना वीज पुरवली नव्हती, की ते वाचायचे यंत्र जपून ठेवले नव्हते. कसर, वाळवी आणि ओल यांनी जे नेले ते नेले. बाकीचे कागद आणि शाई यांच्या अंगच्या बळावर तगले. हेच दप्तर हार्ड डिस्कवर असते आणि खोलीला कुलूप लावून शंभर वर्षे तसेच ठेवले असते, तर कुलूप काढणाऱ्याच्या हाती एक ओळही लागली नसती. डिजिटल माहिती कुणीतरी सतत सांभाळत असते, तोवरच ती असते. हार्ड डिस्क चार-पाच वर्षांत बदलावी लागते. चुंबकीय टेप थंड, कोरड्या जागेत तीसेक वर्षे टिकेल असे मानतात. पण टेपच्या नव्या पिढीची यंत्रे जुन्या पिढ्यांच्या टेपा वाचेनाशी होतात, म्हणून टेप धडधाकट असतानाच तिच्यावरचा मजकूर नव्या टेपेवर उतरवून घ्यावा लागतो. हे स्थलांतर एकदा चुकले की पुढचे सगळेच चुकते. नासाने २००९ मध्ये बराच शोध घेऊन जाहीर केले की, अपोलो ११च्या चांद्रमोहिमेचे मूळ संकेत नोंदवलेल्या टेपा बहुधा पुसून पुन्हा वापरल्या गेल्या. त्या सडल्या नव्हत्या, चोरीलाही गेल्या नव्हत्या. पुसता येत होत्या, म्हणून पुसल्या गेल्या.

अतिशीघ्र लेसरने काचेच्या आत माहिती कोरण्याचे तंत्र हा या पुस्तकाचा विषय आहे. त्याबद्दल वृत्तपत्रांत जे येते ते बहुधा एका आकड्याभोवती फिरते: ही काच अब्जावधी वर्षे टिकेल. हा आकडा आला कुठून, हे पुढे सांगेनच. पण या तंत्राचे महत्त्व त्या आकड्यात आहे असे मला वाटत नाही. दुर्लक्ष सोसू शकणारे डिजिटल माध्यम पहिल्यांदाच आवाक्यात येते आहे, यात ते आहे. ज्या संस्थेचे अनुदान दहा वर्षे बंद पडले, जिच्या इमारतीत पाणी शिरले, जिचा सांभाळकर्ता निवृत्त झाला आणि जागी दुसरा आला नाही, अशा संस्थेच्या कपाटातही जे शाबूत राहील, ते खरे जतन. आपल्याकडच्या बहुतेक ग्रंथालयांना आणि संग्रहांना अब्जावधी वर्षांची गरज नाही. त्यांना दोन-तीन पिढ्यांच्या हेळसांडीतून पार पडायचे आहे. ही प्रस्तावना त्या कसोटीवर या तंत्राकडे पाहते.

आधी हे घडते कसे ते पाहू, कारण त्यातच या तंत्राचे बळ आणि मर्यादा दोन्ही आहेत. पारदर्शक काच म्हणजे प्रकाशाला वाट देणारा पदार्थ. मग प्रकाशानेच तिच्यात खूण कशी करायची? शुद्ध सिलिकाच्या काचेतला इलेक्ट्रॉन जागचा हलवायला सुमारे ९ इलेक्ट्रॉन-व्होल्ट ऊर्जा लागते. या कामात वापरतात त्या अवरक्त लेसरच्या एका फोटॉनजवळ सव्वाएक इलेक्ट्रॉन-व्होल्टच असतो. म्हणून सुटा फोटॉन काचेतून निमूट पार होतो. सात-आठ फोटॉन एकाच इलेक्ट्रॉनवर एकाच क्षणी आदळले, तर मात्र त्यांची ऊर्जा मिळून तो सुटतो. एकापेक्षा जास्त फोटॉन एकदम शोषले जाऊ शकतात हे भाकीत मारिया ग्योपर्ट-मायर यांनी १९३१ मध्ये केले होते. लेसर आल्यावर, १९६१ मध्ये, ते प्रयोगात दिसले. अशी गर्दी घडवायची तर प्रकाश जागेने आणि वेळेने, दोन्हींनी आवळावा लागतो. जागा भिंगाने आवळता येते. वेळ आवळण्यासाठी फेम्टोसेकंद लेसर लागतो. फेम्टोसेकंद म्हणजे सेकंदाच्या एक अब्जाव्या भागाचा दहा लाखावा भाग. एवढ्या वेळात प्रकाश ०.३ मायक्रोमीटर जातो, म्हणजे १०० फेम्टोसेकंदांच्या स्पंदाची लांबी माणसाच्या केसाच्या जाडीहूनही कमी भरते. अशा एका स्पंदात एक मायक्रोज्यूल ऊर्जा असली, तर साखरेचा एक दाणा वीतभर उचलायला पुरेल इतकीच ती आहे. पण ती इतक्या कमी वेळात खर्च होते की त्या क्षणापुरती शक्ती १० मेगावॅटवर जाते.

या आवळण्याचे दोन परिणाम होतात. एक, भिंगाच्या नाभीपाशीच प्रकाश पुरेसा दाट असतो, म्हणून खूण तिथेच उमटते. वरच्या थरांतून किरण जातो, पण त्यांना धक्का लागत नाही. लिखाण पृष्ठभाग सोडून काचेच्या पोटात, एकाखाली एक शेकडो थरांत करता येते ते यामुळेच. दुसरा परिणाम उष्णतेशी संबंधित आहे. इलेक्ट्रॉनांनी घेतलेली ऊर्जा अणूंच्या जाळीपर्यंत पोचायला पिकोसेकंदांचा काळ लागतो, आणि तोवर स्पंद संपलेला असतो. लांब स्पंदाचा लेसर काच तापवतो, तडकवतो. फेम्टोसेकंद लेसर काम करतो तेव्हा आजूबाजूच्या काचेला त्याची फारशी खबर नसते. इतके छोटे आणि तरीही जोरकस स्पंद तयार करणे फार काळ जमत नव्हते, कारण प्रवर्धक स्वतःच जळून जात. १९८५ मध्ये रोचेस्टर विद्यापीठात डॉना स्ट्रिकलंड आणि जेरार मुरू यांनी वाट काढली: स्पंद आधी ताणून लांब करायचा, लांब असताना त्याची ऊर्जा वाढवायची आणि मग पुन्हा आवळायचा. २०१८ च्या भौतिकीच्या नोबेल पुरस्कारात त्यांचा वाटा या कामासाठी होता. काचेवरच्या लिखाणाची सगळी इमारत या पायावर उभी आहे.

प्रकाशाने माहिती साठवण्याचा इतिहास याहून जुना आहे आणि तो बराच काळ सपाट राहिला. १९८२ मध्ये सीडी आली, मग डीव्हीडी, मग ब्लू-रे. या प्रवासात लेसरची तरंगलांबी ७८० नॅनोमीटरवरून ४०५ पर्यंत खाली आली आणि ठिपके लहान होत गेले. पण प्रकाशाच्या स्वभावामुळे ठिपका एका मर्यादेपलीकडे लहान करता येत नाही. मग खोलीकडे वळण्यावाचून गत्यंतर नव्हते. पीटर व्हान हीर्डन यांनी १९६३ मध्येच होलोग्राफीच्या मार्गाने घन पदार्थाच्या आत माहिती साठवण्याची कल्पना मांडली होती. १९८९ मध्ये पार्थेनोपूलोस आणि रेंट्झेपिस यांनी, आणि १९९१ मध्ये कॉर्नेलच्या स्ट्रिकलर आणि वेब यांनी, दोन फोटॉनांच्या शोषणाने त्रिमितीय नोंदी करून दाखवल्या. हे सगळे रंगद्रव्यांत किंवा बहुवारिकांत होते. असे पदार्थ संवेदनशील, म्हणूनच लिहायला सोपे. आणि त्याच कारणाने ते काळापुढे टिकत नाहीत. संवेदनशीलता आणि टिकाऊपणा यांचे हे भांडण या विषयाच्या मुळाशी आहे. काच त्या भांडणातली सर्वांत हट्टी बाजू. तिच्यावर काही उमटवणे कठीण, पण एकदा उमटले की ते काळ्या दगडावरच्या रेघेसारखे.

१९९६ हे वर्ष निर्णायक ठरले. हार्वर्डमध्ये एरिक मझूर यांच्या गटाने फेम्टोसेकंद स्पंदांनी पारदर्शक पदार्थांच्या आत सूक्ष्म ठिपके पाडून त्रिमितीय साठवणूक दाखवली, आणि त्याच वर्षी जपानमध्ये मिउरा, हिराओ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लेसरने काचेच्या आत प्रकाशाची वाट, म्हणजे तरंगवाहक, रेखाटला. पहिल्या कामाचा रोख माहितीकडे होता, दुसऱ्याचा प्रकाशाच्या वाहतुकीकडे; पण दोघांनी मिळून हे सिद्ध केले की काचेच्या आतल्या कोणत्याही बिंदूवर, बाकी काच न दुखावता, हवा तो बदल घडवता येतो. पुढच्या काळात या बदलाचे तीन प्रकार ओळखले गेले. ऊर्जा कमी असेल तर काचेचा अपवर्तनांक हलकेच बदलतो. जास्त असेल तर पोकळी पडते. या दोहोंच्या मधल्या पट्ट्यात मात्र असे काही घडते ज्याची कुणी अपेक्षा केली नव्हती.

क्योटो आणि साउथॅम्प्टन विद्यापीठांच्या संशोधकांनी २००३ मध्ये या मधल्या पट्ट्यातल्या काचेचे निरीक्षण केले, तेव्हा एका ठिपक्याच्या आत समांतर पापुद्र्यांची जाळी दिसली. या पापुद्र्यांमधले अंतर लेसरच्या तरंगलांबीहून बरेच कमी होते. ती कुणी कोरली नव्हती, स्पंदांच्या माऱ्याखाली आपोआप रचली गेली होती. आणि तिची दिशा लेसरच्या ध्रुवीकरणाला नेहमी लंब राहत होती. ध्रुवीकरण फिरवले की जाळी फिरते. हे का घडते यावर एकमत नाही. हे निरीक्षण करणाऱ्या शिमोत्सुमा, कझान्स्की, छ्यू आणि हिराओ यांनी प्रकाश आणि इलेक्ट्रॉनांच्या लहरी यांच्या व्यतिकरणाचे स्पष्टीकरण दिले. कॅनडातल्या भारद्वाज, कॉर्कम यांच्या गटाने २००६ मध्ये वेगळे चित्र मांडले: आयनीभवनाचे सूक्ष्म थेंब विद्युतक्षेत्राखाली चपटे होत जाऊन पापुद्रे बनतात. पुढे फ्रान्समधल्या अभ्यासांनी हे पापुद्रे सच्छिद्र असल्याचे दाखवले. सिद्धांत पुरता बसलेला नसताना तंत्र पुढे जाणे विज्ञानात नवे नाही, आणि पुस्तकाने हा वाद गुळगुळीत न करता तसाच समोर ठेवला आहे, हे मला योग्य वाटते.

या जाळीमुळे ठिपका प्रकाशाशी स्फटिकासारखा वागतो. १६६९ मध्ये राझमुस बार्तोलिन यांनी आइसलँडच्या कॅल्साइटमधून पाहिले की एकाच वस्तूच्या दोन प्रतिमा दिसतात. तेच द्विअपवर्तन, पण काचेतल्या एका सूक्ष्म ठिपक्यात, आणि आपल्या इच्छेने. त्यातून ‘पाच मितींची साठवणूक’ हा गाजलेला शब्दप्रयोग आला. यात कुठलीही गूढ मिती नाही, हे वाचकाने सुरुवातीलाच ध्यानात घ्यावे. ठिपका कुठे आहे हे सांगायला तीन आकडे लागतात. चौथा आकडा जाळीची दिशा आणि पाचवा तिच्या द्विअपवर्तनाची तीव्रता. समजा, दिशेचे आठ आणि तीव्रतेचे दोन प्रकार नक्की ओळखता आले, तर एका ठिपक्याच्या सोळा अवस्था होतात आणि तो चार बिट सांगतो. सीडीवरचा खळगा ‘आहे’ किंवा ‘नाही’ एवढेच बोलतो. काचेतला ठिपका मुळाक्षरासारखा आहे.

पीटर कझान्स्की यांच्या साउथॅम्प्टनच्या गटाने या अक्षरांची भाषा केली. २०१३ मध्ये त्यांनी ३०० किलोबाइटची एक मजकुराची फाइल काचेत नोंदवली. २०१६ पर्यंत मानवी हक्कांचा वैश्विक जाहीरनामा, मॅग्ना कार्टा, न्यूटनचा ‘ऑप्टिक्स’ आणि किंग जेम्स बायबल काचेत उतरले. २०१८ मध्ये फाल्कन हेवी अग्निबाणाने सोडलेल्या मोटारीत आयझॅक असिमॉव्ह यांच्या ‘फाउंडेशन’ कादंबरीत्रयीची अशीच एक चकती अवकाशात गेली. २०२४ मध्ये संपूर्ण मानवी जनुकसंच काचेत कोरून ऑस्ट्रियातल्या हालश्टाट इथल्या मिठाच्या खाणीतल्या ‘मेमरी ऑफ मॅनकाइंड’ या संग्रहात ठेवला गेला. ही शाळा घनतेची आणि चिरंतनतेची. तिच्या शेजारी जपानची वाट आहे: हिताची आणि क्योटो विद्यापीठाने २०१२ मध्ये दाखवलेली, साध्या ठिपक्यांची, साध्या सूक्ष्मदर्शकाने वाचता येणारी काच. बोर्दोच्या संशोधकांनी चांदीचे आयन मिसळलेल्या काचेत लेसरने प्रकाशमान पुंजके घडवले आणि तिथे वाचन प्रतिदीप्तीने होते. काचेच्या बाहेरही सोयरी तंत्रे आहेत: काचेवर सिरॅमिकचा पातळ थर देऊन त्यात छिद्रे पाडणे, बहुवारिकाच्या शंभर थरांच्या चकत्या, डीएनएच्या रेणूत लिहिणे. त्यांचा उल्लेख तुलनेपुरता पुरे.

मायक्रोसॉफ्टच्या केंब्रिजमधल्या ‘प्रोजेक्ट सिलिका’ने प्रश्नच बदलला, म्हणून त्याची गोष्ट वेगळी सांगायला हवी. २०१९ मध्ये ‘सुपरमॅन’ हा १९७८चा चित्रपट त्यांनी ७५ मिलिमीटर चौरस आणि २ मिलिमीटर जाडीच्या काचेत ७५.६ गिगाबाइटमध्ये साठवला, तेव्हा गाजावाजा चित्रपटाचा झाला. पण त्या गटाचे खरे काम काचेच्या एका तुकड्याभोवतीच्या सगळ्या यंत्रणेवर आहे. काच लिहिली कशी जाईल, कपाटात राहील कशी, यंत्रमानव ती काढतील कशी, वाचलेल्या प्रतिमांमधल्या चुका गणिताने आणि यंत्रशिक्षणाने दुरुस्त कशा होतील, हे सगळे त्यात येते. २०२६ मध्ये त्यांनी जाहीर केलेल्या निष्कर्षांनुसार १२० मिलिमीटर चौरस आणि २ मिलिमीटर जाड काचेत ३०१ थरांत ४.८ टेराबाइट मावतात. स्वयंपाकघरातल्या भांड्यांना वापरतात त्या बोरोसिलिकेट काचेतही लिहिता येते, हे त्याच कामात दाखवले गेले. मला हे दुसरे पाऊल घनतेच्या आकड्यापेक्षा मोठे वाटते. शुद्ध सिलिका महाग असते, आणि माध्यम महाग असेल तर ते केवळ जाहीरनाम्यांसाठी आणि धर्मग्रंथांसाठी राहते. तालुक्याच्या ग्रंथालयाच्या हस्तलिखितांना ते कधीच मिळत नाही.

आता आक्षेपांकडे वळू. पहिला वेगाचा, आणि तो खरा आहे. साउथॅम्प्टनच्या गटाने २०२१ मध्ये सेकंदाला दहा लाख ठिपके, म्हणजे सुमारे २३० किलोबाइट, इतका वेग गाठला. त्याच पद्धतीने सीडीएवढ्या चकतीत ५०० टेराबाइट बसू शकतात. भागाकार करून पाहिला तर एका किरणाने ती चकती भरायला जवळजवळ ६९ वर्षे लागतील. प्रोजेक्ट सिलिकाचा वेग एका किरणाला सेकंदाला २५.६ मेगाबिट आहे, ४.८ टेराबाइट भरायला सतरा दिवसांहून अधिक. आजची टेप सेकंदाला ४०० मेगाबाइट लिहिते, सव्वाशे पट वेगाने. किरणांची संख्या वाढवून ही दरी कमी करता येईल, पण फेम्टोसेकंद लेसर स्वस्त नाहीत, म्हणून तेवढ्याने आक्षेप मिटत नाही. माझे उत्तर वेगळे आहे. टेपचा वेग हा एका खेपेचा वेग आहे. शंभर वर्षांत तीच माहिती टेपवर अनेकदा उतरवावी लागते, आणि दर खेपेला यंत्र, माणूस, तपासणी आणि वीज लागते. काचेत खर्च एकदाच, आरंभी होतो. ज्याला उद्याच माहिती बदलायची आहे त्याने काचेकडे येऊ नये. ज्याला ती नातवंडांना द्यायची आहे त्याने हिशोब एका दिवसाचा मांडू नये.

दुसरा आक्षेप आयुष्याच्या आकड्यावर आहे. १९० अंश सेल्सिअसला १३.८ अब्ज वर्षे, म्हणजे विश्वाच्या वयाएवढे आयुष्य, असा दावा साउथॅम्प्टनच्या गटाने केला. तो मोजलेला नाही, काढलेला आहे. नमुने खूप तापवायचे, जाळी किती वेगाने पुसट होते ते पाहायचे आणि तापमान आणि बदलाचा वेग यांना जोडणाऱ्या आऱ्हेनियसच्या सूत्राने कमी तापमानाचे उत्तर काढायचे, ही त्याची रीत आहे. ती सर्वमान्य असली तरी तिच्यात एक गृहीत दडलेले असते: हजार अंशांवर ज्या कारणाने बदल होतो, त्याच कारणाने खोलीच्या तापमानालाही होईल. कोट्यवधी वर्षांच्या अंतरावर हे गृहीत तपासता येत नाही, म्हणून त्या आकड्यावर कुणी शंका घेतली तर ती रास्तच आहे. पण दुर्लक्ष सोसण्याच्या कसोटीला तो आकडा लागतच नाही. हिताचीची काच हजार अंशांवर दोन तास राहून वाचता आली, एवढी गोष्ट आग लागलेल्या ग्रंथालयासाठी पुरेशी आहे. काच फुटते हेही खरे, पण फुटणे आणि कुजणे यांत फरक आहे. फुटण्यावर उपाय जुनाच आहे, प्रती दूरदूरच्या ठिकाणी ठेवणे.

तिसरा आक्षेप सर्वांत गंभीर आहे: काच टिकेल, पण ती वाचणार कोण? सम्राट अशोकाचे शिलालेख दोन हजार वर्षे उघड्यावर उभे होते. दगड शाबूत होता, ब्राह्मी वाचणारा कुणी उरला नव्हता. जेम्स प्रिन्सेप यांनी १८३७च्या सुमारास ती लिपी उलगडली, तोवर ती अक्षरे नक्षी होती. मोडीचीही तीच वाट आपल्या डोळ्यांदेखत चालली आहे. रुमाल आहेत, वाचक मोजके. डिजिटल जगातले उदाहरण आणखी बोलके. बीबीसीने १९८६ मध्ये, १०८६ च्या इंग्लंडच्या ‘डूम्सडे बुक’ या महसुली नोंदवहीच्या नऊशेव्या वर्षी, देशाची नवी नोंदवही लेसरडिस्कवर तयार केली. पंधरा वर्षांत ती वाचणारी यंत्रे दुर्मीळ झाली आणि तिला वाचवायला संशोधकांना स्वतंत्र प्रकल्प करावा लागला. १०८६ ची मूळ वही मात्र आजही उघडून वाचता येते. काचेच्या बाजूने एक गोष्ट आहे: तिला वाचायला विशिष्ट कंपनीचे यंत्र लागत नाही, ध्रुवीकरण पाहणारा सूक्ष्मदर्शक लागतो, आणि तो कुठल्याही चांगल्या प्रयोगशाळेत असतो. पण ठिपके दिसणे म्हणजे वाचणे नव्हे. चुका दुरुस्त करणारी संकेतपद्धती, फाइलचे स्वरूप, ठिपक्यांवरून बिट ओळखणारी गणिते, हे सगळे काचेच्या बाहेर राहिले तर काच पुन्हा नक्षीच ठरेल. जनुकसंचाच्या चकतीवर म्हणूनच मूलद्रव्ये, डीएनएची चार अक्षरे आणि गुणसूत्रांची रचना दाखवणारी एक दृश्य किल्ली कोरली आहे. ही किल्ली प्रत्येक काचेवर, साध्या भिंगाने दिसेल अशी असायला हवी, असे माझे मत आहे. ती कुणी मागितली नाही तर उत्पादक देणार नाहीत. जतनाचे मानक ग्रंथपालांनी आणि अभिलेखपालांनी आताच ठरवायला हवे.

पुसता न येण्याची दुसरी बाजूही आहे. अपोलोच्या टेपा पुसल्या गेल्या, तसे काचेत होऊ शकत नाही. प्रोजेक्ट सिलिकाच्या रचनेत तर लिहून झालेली काच लेखन-यंत्राकडे परत जाऊच शकत नाही अशी योजना आहे. पण भारताच्या २०२३च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याने नागरिकाला आपली माहिती पुसून घेण्याचा हक्क दिला आहे, आणि काच तो हक्क पाळू शकत नाही. माहिती कूटबद्ध करून लिहायची आणि हक्क बजावला गेला की कूटाची किल्ली नष्ट करायची, हा उपाय सुचवला जातो. तो अर्धवट आहे, कारण आजचे कूट शंभर वर्षांनी उकलणार नाही याची हमी कुणी देऊ शकत नाही. मला वाटते, जिवंत माणसांच्या खासगी नोंदी या माध्यमात जाऊच नयेत. दवाखान्याचे रुग्णपत्र आणि ज्ञानेश्वरीचे हस्तलिखित यांना एकच न्याय लावणे चूक आहे.

निवडीचा प्रश्न इथूनच उभा राहतो. लिहिणे महाग, म्हणून सगळे लिहिले जाणार नाही. काचेत पहिल्यांदा काय गेले ते पाहा: बायबल, मॅग्ना कार्टा, न्यूटन, असिमॉव्ह, सुपरमॅन. ज्यांनी यंत्र केले त्यांनी आपले जवळचे आधी लिहिले, यात त्यांची चूक नाही. पण काच आधी डिजिटल झालेलेच वाचवू शकते. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्थेतल्या ऋग्वेदाच्या हस्तलिखितांचा युनेस्कोने २००७ मध्ये ‘मेमरी ऑफ द वर्ल्ड’ नोंदपुस्तकात समावेश केला. त्यांची नीट काळजी घेतली जाते. पण ज्या मोडी कागदांची प्रतिमाच घेतलेली नाही, ज्या बोलींचे ध्वनिमुद्रण कुठे झालेच नाही, त्यांना कुठलीही काच तारणार नाही. म्हणून हे तंत्र येत्या दशकात बाजारात आले तर त्याचा आपल्याकडचा पहिला परिणाम स्कॅनिंगच्या टेबलावर दिसायला हवा. प्रतिमा स्वच्छ आहे का, सूची बरोबर आहे का, कोणत्या फाइल-स्वरूपात ठेवली, या कंटाळवाण्या वाटणाऱ्या गोष्टी आज ढिसाळ राहिल्या, तर तो ढिसाळपणाच काचेत कायमचा बसेल.

या पुस्तकाचा प्रयत्न भौतिकी आणि अभिलेखशास्त्र या दोन दूरच्या खोल्यांमधले दार उघडण्याचा आहे. लेसरवर लिहिणारे सहसा जतनाच्या रोजच्या व्यवहारात शिरत नाहीत, आणि जतनावर लिहिणारे काचेला जादूची पेटी मानून पुढे जातात. शाळेत शिकलेले प्रकाशाचे नियम आठवणाऱ्या वाचकाला पुरेल इतके गणित पुस्तकात आहे. त्यापलीकडचे ज्याला हवे त्याला ते वेगळे काढून दाखवले आहे. दाव्यांचे आकडे देताना ते मोजलेले आहेत की काढलेले, प्रयोगशाळेतल्या एका नमुन्याचे आहेत की चालत्या यंत्रणेचे, हा भेद पुस्तकाने सर्वत्र सांभाळला आहे. या विषयात तो भेद विसरणे फार सोपे असते. ज्यांच्या ताब्यात जुने दप्तर, टेपा, रिळे किंवा सर्व्हर आहेत, त्यांनी खर्चाच्या तुलनेचा भाग आधी वाचला तरी चालेल. पापुद्र्यांच्या जाळीच्या वादाकडे ते नंतर येऊ शकतात.

शब्दांबद्दल थोडे. ‘पल्स’साठी पुस्तकात ‘स्पंद’ वापरला आहे, कारण ‘झोत’ म्हटले की सलग प्रकाश डोळ्यापुढे येतो आणि इथे सगळी गोष्ट तुटकपणाचीच आहे. ‘पोलरायझेशन’ला रूढ ‘ध्रुवीकरण’ ठेवले आहे, राजकारणाने तो शब्द कितीही वापरला तरी. ‘व्हॉक्सेल’ला मराठी प्रतिशब्द केलेला नाही, काचेतल्या त्या अक्षराला पुस्तकभर ‘ठिपका’ म्हटले आहे आणि जिथे काटेकोरपणा हवा तिथेच मूळ शब्द येतो. ‘विदा’ आणि ‘डेटा’ यांत पुस्तकाने ‘डेटा’ घेतला, तोही जिथे ‘माहिती’ म्हणून भागत नाही तिथेच. शेवटच्या सूचीत हे सगळे शब्द त्यांच्या वापराच्या पानांसह दिले आहेत.